वाळत घातलेलं झाड

“न्या की ताई. चुलीला का?” मुकादमांनी विचारलं.

वळिवाच्या वाऱ्यात सोसायटीच्या मागचं झाड अर्धं मोडून लोंबकळत होतं, ते पालिकेच्या माणसांनी सकाळी उतरवलं होतं. पाला आणि फांद्या ट्रकमधून गेल्या, खोडाचे ओंडके तेवढे उरले. “वाट्या करायला,” मी म्हटलं. मुकादमांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा ओंडक्यांकडे पाहिलं. अशा बाईशी बोलत बसण्यात अर्थ नाही हे ओळखून त्यांनी तीन ओंडके स्वतःच लिफ्टपर्यंत आणून दिले.

मी लेथवर लाकूड कातते. सूत नव्हे, लाकूड: यंत्रावर गरगर फिरवायचं आणि पटाशीने गोल आकार द्यायचा. वाड्यांतले कातीव खांब, भोवरे, पाळण्याच्या खुंट्या करणाऱ्यांना पूर्वी कातारी म्हणत. कोथरूडमधल्या तिसऱ्या मजल्यावरची बाल्कनी ही त्यांची सध्याची शाखा. वखारीतलं वाळलेलं सागवान मला परवडत नाही. ओलं लाकूड फुकट मिळतं आणि पटाशीखाली दुधी भोपळ्यासारखं सोललं जातं. १९७५ च्या कायद्याप्रमाणे शहरात झाड तोडायला परवानगी लागते. ते बाल्कनीत वाळवायला कोणाची लागते हे कायद्यात नाही, पण घरात लगेच कळतं.

आधी प्रश्न आला नावाचा. नाव कळल्याशिवाय लाकडाचा स्वभाव कळत नाही. आंब्याचं ओलं लाकूड बघता बघता निळंकाळं पडतं, बाभूळ पटाशीची धार खाते. हे झाड पंधरा वर्षं माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसत होतं, आणि मला त्याचं नाव माहीत नव्हतं. सोसायटीत विचारलं तर सगळ्यांना एकच आठवत होतं: “लाल फुलं यायची.” उन्हाळ्याच्या तोंडाशी पानं झाडून लाल फुलणारी झाडं आपल्याकडे तीन: पळस, पांगारा आणि काटेसावर. पहिल्या मजल्यावरचे निवृत्त संस्कृत शिक्षक सर पळसावर ठाम राहिले, “किंशुक!” सालीवर झिजलेल्या काट्यांच्या खुणा होत्या, म्हणून बी विंगच्या काकूंनी काटेसावर जाहीर केली आणि उशीपुरता कापूस निघेल का, हेही विचारून घेतलं. पांगाऱ्याच्या बाजूने कोणीच नव्हतं. मोबाइलमधल्या अ‍ॅपला पान लागतं. त्याला सालीचा फोटो दाखवला तर त्याने मला तीन प्रकारची पायपुसणी दाखवली.

शेवटी एक तुकडा घेऊन वखारीत गेले. शेठनी नखाने खरवडला, हुंगला आणि म्हणाले, “आडजात.”

“म्हणजे कुठलं?”

“ताई, लाकडाच्या जाती दोन. सागवान आणि आडजात.”

घरी येऊन ब्लेडने ताजा काप घेतला आणि भिंगातून पाहिला. छिद्रं दिसली. छिद्रं आंब्यालाही असतात आणि सागालाही.

नाव राहिलं बाजूला. वाळवणं थांबवता येत नव्हतं. झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या उभ्या असतात, त्यामुळे ओंडका कापलेल्या दोन तोंडांनी भराभर सुकतो आणि पोटात ओलाच राहतो. त्यात लाकूड वर्तुळांच्या दिशेने जितकं आक्रसतं, त्याच्या साधारण निम्मंच गाभ्याच्या दिशेने आक्रसतं. एवढी ओढाताण झाल्यावर ते फाटणारच. उपाय म्हणजे तोंडं मेणाने बंद करायची. घरातल्या वाढदिवसांच्या उरलेल्या मेणबत्त्या मी दुधाच्या जुन्या पातेल्यात वितळवल्या आणि दोन ओंडक्यांची तोंडं लिंपली. गुलाबी, निळी, मधेच चमकी. मग हवेत ठेवून वाट बघायची: जाडीच्या इंचाला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब. आमचा ओंडका आठ इंची.

“म्हणजे तुझ्या साठीला वाटी मिळेल,” नवरा म्हणाला.

तोवर पाऊस सुरू झाला. एका बाजूला न वाळणारे टॉवेल, दुसऱ्या बाजूला न वाळणारं झाड.

तिसऱ्या ओंडक्याला मी थांबू दिलं नाही. ओला असतानाच लेथला लावला. लेथ फिरला आणि लाकडाने पिचकारी मारली. चष्म्यावर, भिंतीवरच्या कॅलेंडरवर, नवऱ्याच्या इस्त्रीच्या शर्टावर. बोटभर रुंदीच्या ओल्या पट्ट्या खांद्यावरून मागे उडत होत्या, आणि बाल्कनीभर कच्च्या वालपापडीसारखा वास. वीस सेंटिमीटर व्यासाचं भांडं, म्हणून काठ दोन सेंटिमीटर जाड ठेवला. व्यासाच्या दहाव्या हिश्शाचा हा नियम आहे. ते त्याच्याच भुशात घालून कागदी पिशवीत ठेवलं. दर रविवारी वजन करायचं, वजन उतरायचं थांबलं की वाळलं. वहीत लिहीत गेले: ८८०, ६४०, ५१०. त्याच पानाच्या मागे माझा स्वतःचा तक्ता होता. तिथले आकडे इतक्या उत्साहाने खाली येत नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात रात्री अडीच वाजता ‘टक्’ असा आवाज आला. नवरा उठून दाराची कडी बघून आला. मी सरळ पिशवीकडे गेले. गाभ्याचा मधला बिंदू मी बुडात तसाच ठेवला होता, आणि तडा तिथूनच निघून काठापर्यंत पोचला होता. भांडं गोल राहिलं नव्हतंच, होडी झाली होती. आता होडीला भोकही पडलं.

आषाढात सासूबाई गावाहून आल्या, मोतीबिंदूसाठी. ऑपरेशन झालं आणि त्या काळा चष्मा लावून बाल्कनीत बसू लागल्या. त्याच आठवड्यात एका लिंपलेल्या ओंडक्याच्या सालीतून हिरवं टोक बाहेर आलं. मला ती बुरशी वाटली. आठ दिवसांत त्याला देठ आला आणि देठावर तीन पानं. मेण लावून मी त्याचं पाणी आतच कोंडलं होतं, आणि ते झाडाने वापरायला काढलं होतं.

सरांना वर बोलावलं. त्यांनी पानं मोजली आणि विजयी आवाजात म्हणाले, “पळसाला पाने तीनच!” म्हणीपुढे कोणाचं काय चालणार?

सासूबाईंनी खुर्चीतूनच हात लांब केला आणि पान चुरगाळलं. “पळसाचा पान जाड असता. ह्या मऊ. ह्यो पांगारो. आमच्याकडे कुंपणाक मेढी पुरली की असोच फुटता.”

त्यांच्यामागे काचेच्या कपाटात, त्यांनीच माझ्या लग्नात दिलेली सावंतवाडीची लाकडी फळं होती. आंबा, पेरू, सीताफळ. लाखेने रंगवलेली, पांगाऱ्याची. पंधरा वर्षं मी एका खिडकीतून ते झाड बघत होते आणि दुसऱ्या खोलीत त्याचं लाकूड पुसत होते.

“मग आधीच का नाही सांगितलंत?”

“माका कोणी विचारल्यान?”

पुढच्या रविवारी बॅगा तोलायच्या काट्याला तो ओंडका लटकवला. सहा किलो तीनशे दहा. गेल्या आठवड्यात सहा दोनशे तीस होता. काट्यात काही बिघाड असेल म्हणून पुन्हा लटकवला. तेवढाच. खाली फरशीवर बघितलं तर ओंडक्याच्या जागी पाण्याचं वर्तुळ, आणि शेजारी सासूबाईंचा तांब्या.

वहीत ‘+८०’ लिहिलं आणि काटा बॅगेत ठेवून दिला.