तीनपैकी तीन

आज सकाळी चहा उतू गेला, कारण मी दहावीच्या पालकांच्या ग्रुपवरचे मेसेज वाचत उभी होते. एका बापाने लिहिलं होतं, "सायन्सच्या मॅडमनी होमवर्क दिलंय की घरी बाथरूम कोण साफ करतं त्याला विचारून या. आपण फी यासाठी भरतो?" त्याखाली अंगठ्यांची रांग. मग एक आई, "बोर्डाला किती महिने राहिलेत ठाऊक आहे का यांना?" आणि मग तो मेसेज, ज्याने माझं डोकंच फिरलं: "माझ्या मुलीला काय कामवाली बनवायचंय?"

दुपारी कळलं, बाईंना ऑफिसात बोलावून समज दिली म्हणे.

होमवर्क काय होतं ते आधी ऐका. घरातल्या साफसफाईच्या बाटल्या आणि पुड्या शोधायच्या. तक्ता करायचा. नाव, कुठे ठेवली आहे, मागच्या बारीक अक्षरात काय लिहिलंय, कशाबरोबर मिसळायची नाही. आणि शेवटचा रकाना: जो माणूस ही वस्तू रोज वापरतो त्याला विचारा, कधी काही झालं होतं का? आई असो, आजी असो, कामाला येणाऱ्या मावशी असोत. बस, एवढंच. दहावीला आम्ल-अल्कलीचा धडा आहे, त्यात ब्लीचिंग पावडर आहेच. म्हणजे बाई अभ्यासक्रमाच्या बाहेरही गेलेल्या नाहीत.

आता माझं सांगते. जवळच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना नाही, कारण लाज वाटते.

ऑगस्ट २०२४चा बडोद्याचा पूर. विश्वामित्री नदीची धोक्याची खूण २५ फुटांची, पाणी गेलं ३५च्या वर. आमचं कारेलीबागेतलं घर तळमजल्यावर. जन्माष्टमीला सासूबाईंचा पाळणा सजवलेला आणि एक-दोन दिवसांत पाळण्यासकट आम्ही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे. पाणी उतरल्यावर जो चिखल आणि जो वास उरला तो ज्यांनी अनुभवलाय त्यांना सांगायला नको. बाथरूमची फरशी तर नरक होती. मी ब्लीचिंग पावडर टाकली, भरपूर. घासलं. वास जाईना. मग हातगाडीवाल्याकडून आणलेली अ‍ॅसिडची बाटली होती, ती ओतली वरून. दार लोटलेलं, कारण चिखलाचं पाणी बाहेर येऊ नये.

मंडळी, मी बी.एस्सी. केमिस्ट्री आहे. आपल्या एम.एस. युनिव्हर्सिटीची. ब्लीचिंग पावडर अधिक हायड्रोक्लोरिक आम्ल, मिळतो क्लोरीन, विषारी वायू. बारावीला हा प्रश्न आला होता, समीकरण संतुलित करून लिहिलं होतं, तीनपैकी तीन. आजही झोपेतून उठवलंत तर लिहून देईन.

आणि त्याच क्लोरीनमध्ये मी उकिडवी बसून ब्रश फिरवत होते! हा वायू हवेपेक्षा अडीचपट जड. क्लोरीनचा रेणुभार ७१ भागिले हवेचा सरासरी २९, हा हिशोब मी तोंडी करायचे. जड म्हणजे खाली बसणार, म्हणजे फरशी घासणाऱ्या बाईच्या नाकाच्या उंचीवर. हे भागाकारातून मला कधीच कळलं नाही, आणि कोणी सांगितलंही नाही. घसा आवळला, डोळ्यांतून धारा, वाटलं पुराच्या घाणीचाच वास चढलाय. आणखी जोरात घासायला लागले. मूर्ख.

मला बाहेर ओढलं ते आमच्या मावशींनी. दंडाला धरून. "आ बे भेगुं ना कराय, बेन!" हे दोन एकत्र करायचं नसतं! त्यांनी आधी मला अंगणात बसवलं, मग तोंडाला पदर बांधून पुढचं-मागचं दार उघडलं, सासूबाईंना खोकत खोकत जिन्यावर नेऊन बसवलं. मावशी चौथी शिकल्यात. त्यांना कुठून ठाऊक? कारण आधी दुसऱ्या घरी काम करताना त्यांच्या बरोबरची मुलगी अशीच चक्कर येऊन पडली होती. त्या घरच्यांनी तिला लिंबू-सरबत देऊन घरी पाठवलं.

म्हणजे बघा, शहाणपण घरातच होतं. रोज साडेसातला येत होतं आणि कपबशा विसळून जात होतं. विचारलं कोणी नव्हतं.

म्हणून तो "कामवाली बनवायचंय का" मेसेज वाचून मला जे झालं ते झालं. अहो भाऊ, तुमच्या मुलीला कामवाली नका बनवू, पण तिला जे ठाऊक आहे तेवढं तरी ठाऊक होऊ दे!

बरं, बाईंनी आधी पालकांना दोन ओळी कळवायला हव्या होत्या. मान्य. आणि पोरांवर दहावीचं ओझं आहे, तेही मान्य, माझ्याही घरात एक दहावी आहे, रात्री बारापर्यंत दिवा जळतो. पण ओझं या तक्त्याचं नाही. ओझं आहे ते ५ जूनच्या, पर्यावरण दिनाच्या थर्माकोलच्या पृथ्वीचं. दरवर्षी! थर्माकोल, चमकी, फेव्हिकोल, आणि वर लिहायचं "सेव्ह अर्थ". ती पृथ्वी आठवड्याने कचऱ्याच्या गाडीत. त्यावर कधी एका तरी पालकाने ग्रुपवर तोंड उघडलं? उलट स्टेटसला फोटो.

आमच्या या बाई (लेक त्यांना बेन म्हणते, मी घरी बाई म्हणते, बडोद्यात असंच चालायचं) प्रयोगशाळेतसुद्धा वेगळं करतात. दहा मिलिलिटरऐवजी चार थेंबांत प्रयोग. रंग तोच बदलतो, उरतं काहीच नाही. उरलेलं आम्ल सोडा टाकून शमवल्याशिवाय बेसिनमध्ये ओतू देत नाहीत. एकदा त्यांनी वर्गाला विचारलं, बेसिनमधून जातं ते कुठे जातं? गटारात. गटार कुठे? कोणाला सांगता येईना. शेवटी एक पोरगा म्हणाला, "बेन, मगरीकडे." सगळे हसले, विश्वामित्रीत मगरी आहेत ना. बाई म्हणाल्या, बरोबर आहे, पूर्ण मार्क. मग तिथून नंदेसरीचे रसायनांचे कारखाने, तिथून सांडपाणी वाहून नेणारी ती पन्नासेक किलोमीटरची नाली, थेट खंभातच्या आखातापर्यंत. लेक जेवताना हे सगळं सांगत होती, भाजी कुठली आहे हेही न बघता. एरवी दुधी म्हटलं की ताट सरकवते.

१९९८ साली अनास्टास आणि वॉर्नर या रसायनशास्त्रज्ञांनी हरित रसायनशास्त्राची १२ तत्त्वं मांडली. पहिलं तत्त्व अगदी माझ्या आजीसारखं आहे: घाण करून निस्तरत बसण्यापेक्षा मुळात करूच नका. बाईंनी ते चार थेंबांत दाखवलं. आणि आपण त्यांना ऑफिसात उभं केलं.

आणि हे शहर कुठलं आहे हो? ११ नोव्हेंबर २०२४ला कोयलीच्या रिफायनरीत बेंझिनच्या टाकीला आग लागली, दोन माणसं गेली. गच्चीवरून धूर बघत उभे होतो आपण सगळे. लेकीने विचारलं, बेंझिन म्हणजे काय? मी काय केलं असेल? वहीच्या मागच्या पानावर त्याच्या रेणूची आकृती काढली: षटकोन, आत गोल. ती म्हणाली, "ते नाही गं, श्वासात गेलं तर काय होतं?" ते माझ्या षटकोनात नव्हतं.

ऊठसूट आपण सयाजीराव महाराजांचं नाव घेतो. १९०६ला सक्तीचं शिक्षण केलं राज्यभर, छाती फुगते आपली. पण त्याच्या आधी १८९०ला त्यांनी कलाभवन काढलं ते कशाला? हाताला येईल असं शिकवायला, रंगाई, यंत्रकाम. डांडिया बाजारातून चालत जा, इमारत समोर उभी आहे. आज तिथे कोणी बाथरूमचं रसायन शिकवायला घेतलं तर हेच लोक विचारतील, परीक्षेत येणार का?

हरणीचं लिहू की नको म्हणून मघापासून थांबतेय. १८ जानेवारी २०२४. शाळेची सहल, हरणी तलावात बोट उलटली, १२ मुलं आणि २ शिक्षिका गेल्या. सगळ्यांना लाइफ जॅकेट नव्हतं. त्या दोघींना मी ओळखत नव्हते, पण माझीही लेक शाळकरी, त्याच शहरातली, आणि त्या वर्षी तिच्याही सहलीच्या फॉर्मवर मी न वाचता सही केली होती. मुलांनी काय करायला हवं होतं वगैरे मी बोलणार नाही, ते मोठ्यांचं काम होतं. पण तेव्हा मेणबत्त्या घेऊन आपण सगळे म्हणत होतो ना, शाळांनी सेफ्टी शिकवायला पाहिजे? आता एक बाई शिकवतेय तर तक्रार.

खरं सांगू, राग माझाच मला आलाय. सकाळपासून तीनदा ग्रुपवर उत्तर लिहिलं आणि तीनदा खोडलं. लेकीला त्रास नको, बाईंची आणखी चर्चा नको, अमक्यांशी आपली उठबस आहे. इथे तुमच्यासमोर शूर होणं सोपं आहे, तुम्ही सगळे आधीच मान डोलावताय.

तो मेसेज लिहिणाऱ्या आईबद्दलही आता एवढा राग नाही. तिला भीती वाटते, टक्के गेले तर काय. मलाही वाटते. माझे तर टक्के आलेही होते.

आत्ता लेक शेजारी बसून तक्ता करतेय. अकरा बाटल्या निघाल्या, त्यातल्या दोन सिंकखाली एकमेकींना टेकून ठेवलेल्या, कुठल्या ते ओळखा. शेवटचा रकाना मावशींसाठी रिकामा ठेवलाय, उद्या सकाळी विचारणार. आधी चहा द्यायचा, खुर्चीवर बसवायचं आणि मग विचारायचं, असं बाईंनी सांगितलंय म्हणे. अ‍ॅसिडच्या ओळीसमोर ती थांबली आणि म्हणाली, "आई, इथे तुझं लिहू?"

लिही म्हटलं. मार्कही लिही.