लाच घेतली, मत दिलं, सुटले

सातबाऱ्यावर नोंद घालायला पाचशे रुपये मागणारा तलाठी सापळ्यात सापडला की त्याची बोटं सोड्याच्या पाण्यात बुडवतात. नोटांवरची पावडर बोटांना लागलेली असते. पाणी गुलाबी होतं, आणि दुसऱ्या दिवशी पेपरात नावासकट बातमी. योग्यच आहे ते. पण खासदारांचं काय?

जुलै १९९३. नरसिंह राव सरकारवर अविश्वास ठराव. २६५ विरुद्ध २५१, सरकार वाचलं. झारखंड मुक्ती मोर्चाच्या खासदारांनी मतासाठी पैसे घेतल्याचं प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. १९९८ चा तो निकाल आठवला की अजून डोकं फिरतं. पैसे घेऊन सभागृहात मत दिलं, त्यांना घटनेच्या कलम १०५ चं संरक्षण, म्हणजे सभागृहातल्या मतासाठी खासदारावर खटला नाही. आणि पैसे घेतल्याचा आरोप होता पण मतच दिलं नाही, त्याला मात्र संरक्षण नाही! म्हणजे लाच घेऊन काम चोख केलं की सुटका? पाचांपैकी तीन न्यायमूर्तींनी हे मान्य केलं.

ते दुरुस्त व्हायला ४ मार्च २०२४ उजाडला. सात न्यायमूर्तींनी एकमताने सांगितलं की लाच घेतली तिथेच गुन्हा पूर्ण होतो. हे कळायला कायद्याची पदवी लागते का हो? सव्वीस वर्षं! तेव्हा जन्मलेली पोरं मतदार झाली. मधे किती सरकारं आली नि गेली, पण ही पळवाट आपणहून बुजवावी असं एकाही संसदेला वाटलं नाही.

बोटाला शाई लावून घ्यायला आम्ही उन्हात रांगेत उभं राहायचं, आणि यांनी दिल्लीत जाऊन तेच मत विकायचं. संताप होतो नुसता.