दाजी, ते केळं

कासवाचा उपास संपत आला होता आणि दाजींनी त्याला केळं भरवलं.

अख्खं नाही, अर्धं. "अर्धंच दिलं रे," हे मला दिलासा म्हणून सांगण्यात आलं. वर "किती आवडीनं खाल्लं बघ!" खाणारच! पोट रिकामं, त्यात समोर साखर. आमचा नाना हर्मन जातीचा. त्याचं पोट रानपाल्यासाठी, चिवट तंतूंसाठी घडलेलं. फळ मी त्याला भर उन्हाळ्यातही देत नाही. आणि इथे शीतनिद्रेच्या तोंडावर केळं!

पेटीवर कागद चिकटवला होता. लाल पेनानं, मोठ्या अक्षरांत, 'काहीही खायला घालू नये'. दाजींनी तो वाचला होता. म्हणाले, "मला वाटलं लहान मुलांसाठी आहे."

आता सगळं पहिल्यापासून. दिवा लावा, पेटी गरम करा, ते केळं पचू द्या. मग पुन्हा उपास, पुन्हा कोमट पाण्यात बसवणं, पुन्हा तापमान हळूहळू खाली आणणं. कारण थंडीत याचं पचन बंद पडतं आणि पोटात जे राहील ते तिथेच सडतं. हे मी दाजींना शांतपणे समजावलं. (माझ्या मानानं शांतपणे. शेजाऱ्यांनी खिडकी लावून घेतली.) त्यावर दाजी म्हणतात, "जंगलात त्याला कोण उपास घडवतं?" अहो, जंगलात गारठा सुरू झाला की ते आपणहून खाणं सोडतं. आणि जंगलात दाजी नसतात!

बहिणीचा नवरा, त्यामुळे यापुढे बोलायची सोय नाही. म्हणून इथे बोलतोय.

आणि दाजीच कशाला? नाना शीतनिद्रा घेतो ती त्याच्या वेगळ्या फ्रिजमध्ये. मागच्या थंडीत एका महाभागानं त्या फ्रिजमध्ये सरबताच्या बाटल्या नेऊन ठेवल्या. का, तर "जागा होती". आत 5 अंश टिकवायला माझा जीव जातो. शून्याखाली घसरलं तर कासवाचे डोळे जातात, 10 च्या वर चढलं तर ते अर्धवट जागं होऊन अंगातला साठा जाळत बसतं. आणि हे खुशाल कोमट बाटल्या ठेवतात! बरं, फ्रिजच्या बटणावर 1 ते 7 आकडे. ते अंश नाहीत. मग काय आहेत? 4 वर ठेवलं की किती अंश? हे फ्रिज बनवणाऱ्यालाही माहीत नसावं. शेवटी आत वेगळा थर्मामीटर ठेवायचा आणि ते बटण केसभर-केसभर फिरवत बसायचं.

दुकानदार तर निराळीच जमात. "खोक्यात पेंढा भरा, माळ्यावर ठेवा, थंडी संपली की काढा." कोणतं कासव आहे एवढं तरी विचार! सुलकाटाला शीतनिद्रा नसते, लाल पायांच्या कासवाला नसते, बिबट्या कासवाला नसते. त्यांना गारठ्यात टाकलं तर ती झोपत नाहीत, आजारी पडून मरतात. पण याचा सल्ला सगळ्यांना एकच. यानंच मला यूव्हीबीचा, म्हणजे उन्हातले अतिनील किरण देणारा, म्हणून साधा पिवळा दिवा विकला होता. परत करायला गेलो तर म्हणे, "लागतोय की!" लागतोय रे बाबा, दिवा म्हटल्यावर लागणारच. यूव्हीबी डोळ्यांना दिसत नाही!

पुरे. माझा रक्तदाब मोजायला लावतील.

घरचे म्हणतात ते खोटं नाही म्हणा. डॉक्टरांनी माझं वजन विचारलं तर मी अंदाजे सांगतो, नानाचं ग्रॅममध्ये तोंडपाठ आहे. महिन्याला साधारण 1 टक्का उतरलं तर ठीक, त्याहून जास्त उतरलं की माझी झोप उडते. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याच्याच नावे झालाय, पीठ सगळं अंदाजपंचे. हवा बदलावी म्हणून फ्रिजचं दार रोज उघडावं लागतं, तेव्हा दोन शब्द बोलतोही त्याच्याशी. बायकोनं ऐकलंय. तिनं काही विचारलं नाही आणि मीही खुलासा केला नाही.

पण "चार महिने दिसणारच नाही, मग पाळायचं कशाला?" असं विचारणाऱ्यांनी माझ्यासमोर येऊ नये. आणि "मेलं का?" विचारणाऱ्यांनी तर मुळीच नाही. मेलेलं नाही. ते 50 वर्षं सहज काढेल, बहुतेक मला पोचवून मग जाईल. तेव्हा ते कोणाकडे द्यायचं हे मृत्युपत्रात लिहावं लागणार आहे. नाव अजून ठरलेलं नाही. कोणाचं नाही, ते मात्र आज दुपारी पक्कं झालं.