आत्मनेपद म्हटलं की भागतं का?

नमस्कार सर,

‘लॅटिनच्या डिपोनंट क्रियापदांवर एवढा फाफटपसारा कशाला? रूप कर्मणी, अर्थ कर्तरी, म्हणजे आपलं आत्मनेपदच. एका ओळीत आटोपलं असतं,’ असं तुम्ही माझ्या पोस्टबद्दल लिहिलंय. फाफटपसारा जरा झोंबलं, पण असो.

आत्मनेपदाशी (संस्कृत क्रियापदांच्या ‘ते’ वळणाच्या प्रत्ययांशी) नातं आहेच. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात शेवटी ‘सचस्वा नः स्वस्तये’ येतं. त्यातला सच् (सोबत असणे) आणि लॅटिनचा ‘सेक्वोर’ (मी मागून जातो) एकाच मुळातले. ‘मोरितुर’ (तो मरतो) तर सरळ ‘म्रियते’. त्यातही म्रियते आत्मनेपदी, पण भविष्यात परस्मैपदी, म्हणजे ‘ति’ वळणाचं, मरिष्यति. पाणिनीला त्यासाठी ‘म्रियतेर्लुङ्लिङोश्च’ असं वेगळं सूत्र करावं लागलं. इकडे मोरितुर कर्मणी घाटाचं, आणि भविष्यवाचक ‘मोरितूरुस’ (मरणार असलेला) चक्क कर्तरी घाटाचं!

पण तुम्ही लभते (मिळवतो) आणि लभ्यते (मिळवलं जातं) नुसत्या नजरेने वेगळे काढता. लॅटिनमध्ये ‘लोक्वितुर’ म्हणजे तो बोलतो, आणि ‘दूकितुर’ म्हणजे त्याला नेलं जातं. शेपूट तेच. क्रियापद ओळखीचं नसेल तर कोश उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

शिवाय ती एक ओळ कृदन्तांपाशी (क्रियापदापासून बनलेल्या विशेषणांपाशी) कोलमडते. ‘सेक्वेन्स’ (मागून जाणारा) आणि ‘सेकूतूरुस’ (मागून जाणार असलेला) रूपानेही कर्तरी. ‘सेक्वेन्दुस’ (ज्याच्या मागे जायला हवं असा) रूपाने कर्मणी आणि अर्थानेही कर्मणीच. आज्ञार्थ ‘सेक्वेरे’ (मागून जा) तर हुबेहूब कर्तरी तुमन्तासारखा (‘करणे’, ‘करायला’ अशा अर्थाच्या रूपासारखा) दिसतो. नवशिक्या इथे हमखास गंडतो.

आणि खरी मौज भूतकाळवाचक कृदन्तात आहे, म्हणून तर मी तिथे रेंगाळलो. इ.स.पू. ५८ मध्ये रोमन सेनापती सीझर हेल्वेती नावाच्या टोळीशी लढला, त्या वर्णनात एक वाक्य आहे: आधी स्वतःचा, मग सगळ्यांचे घोडे नजरेआड नेऊन, आपल्या माणसांना धीर देऊन त्याने लढाईला तोंड फोडलं. मराठीत ‘नेऊन’ आणि ‘देऊन’ एकाच साच्यातले. सीझरला तसं जमत नाही. ‘नेणे’ साधं क्रियापद, त्याला ‘नेलेला’ एवढंच कृदन्त; म्हणून ‘रेमोतिस एक्विस’, घोडे दूर नेले असता, आपल्या सति सप्तमीसारखा वळसा. ‘धीर देणे’ मात्र डिपोनंट, त्यामुळे ‘कोहोर्तातुस सुओस’: धीर देऊन झालेला सीझर स्वतःच कर्ता, आणि ‘सुओस’ त्याचं कर्म. सीझर वाचताना पावलोपावली हे भेटतं. ‘कर्मणी रूप’ एवढंच डोक्यात असलं तर धीर सीझरलाच कुणीतरी दिला असं वाटून वाचणारा अडकतो.

राहता राहिली अर्धी डिपोनंट. ‘ऑदेओ’ (मी धजतो) वर्तमानात साधंसुधं, भूतकाळात मात्र कर्मणी घाटाचं ‘ऑसुस सुम’ (मी धजलो). ‘रेवेर्तोर’ (मी परततो) बरोबर उलटं: वर्तमानात डिपोनंट, आणि अभिजात गद्यात भूतकाळ बहुधा कर्तरी, ‘रेवेर्ती’. ह्या दोघांना तुमच्या एका ओळीत बसवून दाखवा, पोस्ट छाटायला मी आजच बसतो.