मेंब्रेन प्लांटचं बिल कोण भरणार?

‘सांडपाण्याला मेंब्रेन प्लांट बसवा. वीज नगण्य, गाळ शून्य, खाडीचं खारं पाणीही गोडं, आणि पाणी विकून पाच वर्षांत पैसे वसूल.’ हा फॉरवर्ड काकूंच्या महिला मंडळापर्यंत पोचलाय आणि आता वॉर्डसभेत मांडायचं ठरतंय. तिथे जायच्या आधी हे वाचा. मेंब्रेन प्लांट म्हणजे टाकीत जिवाणूंनी साफ केलेलं सांडपाणी बारीक छिद्रांच्या पोकळ धाग्यांतून पंपाने ओढून गाळणारा प्लांट.

नगरपरिषदेला बुडवेल ती वीज. किनाऱ्यावरचं ४०,००० वस्तीचं शहर घ्या. केंद्राच्या सीपीएचईईओ (पाणी-सांडपाण्याचे निकष ठरवणारी संस्था) मॅन्युअलप्रमाणे माणशी १३५ लिटर पुरवठा, त्यातलं ८० टक्के गटारात, म्हणजे रोज ४,३२० घनमीटर. साध्या अ‍ॅक्टिव्हेटेड स्लज प्लांटला (यातही जिवाणूच पाणी साफ करतात, पण गाळ मेंब्रेनऐवजी टाकीत निवळतो) घनमीटरमागे ०.४ युनिट धरा, मेंब्रेनला ०.८. आठ रुपये दराने मेंब्रेनचं बिल वर्षाला एक कोटी, साध्याच्या दुप्पट. धाग्यांवर गाळ बसू नये म्हणून खालून सतत हवा सोडावी लागते, तिथे ही वीज जाते. ब्लोअर बंद पडला आणि पंप पाणी ओढतच राहिला, की छिद्रं बुजलीच.

त्याच मॅन्युअलमध्ये एवढ्या वस्तीला कमाल प्रवाह सरासरीच्या अडीच पट धरलाय. चौरस मीटरमधून तासाला २० लिटर या हिशेबाने सरासरीला ९,००० चौरस मीटर मेंब्रेन लागते, कमाल प्रवाहाला २२,५००. नाहीतर जास्तीचं पाणी साठवून सावकाश सोडणारी मोठी समतोल टाकी बांधा. जुलैत गटारात घुसणारं पावसाचं पाणी वेगळंच. शिवाय साधारण दहा वर्षांनी मेंब्रेन बदलायची, त्या पैशाचं मेसेजमध्ये नावही नाही.

खारं पाणी गोडं होतं हे साफ खोटं. छिद्र ०.०४ मायक्रॉनच्या आसपास असतं. जिवाणू अडतात, विरघळलेलं मीठ आरपार जातं. भरतीला चेंबरमधून खाडी आत शिरली तर प्लांटमधून पाणी तेवढंच खारट बाहेर पडणार. ते पोफळीला घातलंत तर बाग हातची जाईल. मीठ काढायला पुढे आरओ लागतो, त्याची वीज वेगळी.

गाळ कमी होतो, शून्य नाही. केस अडवायला एक-दोन मिलिमीटरची जाळी लागते, नाहीतर धाग्यांत केसांचे दोर वळले जातात. धागे धुवायला हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) आणि सायट्रिक अ‍ॅसिड लागतं.

जागा कमी लागते, हे मात्र मान्य करावं लागेल. टाकीत लिटरला ८ ते १२ हजार मिलिग्रॅम गाळ, म्हणजे पाणी साफ करणारे जिवाणू, ठेवता येतो, साध्यात तीन-चार हजार, आणि निवळणीची टाकीच नको. डोंगर आणि खाडी यांच्या मधल्या चिंचोळ्या गावाला याची किंमत आहे. पाणीही नितळ येतं.

पण ते विकत घेणार कोण, किती रुपयांना, आणि जून ते सप्टेंबर त्याचं काय करणार? हे लेखी मिळाल्याशिवाय सभेत हात वर करू नका.