दहा हजार तासांचा हिशेब

‘कुठल्याही कामाला दहा हजार तास द्या, तुम्ही त्यात उस्ताद व्हालच. प्रतिभा वगैरे सब झूठ. झोप विसरा, घासत राहा.’ हा मजकूर फिरत फिरत माझ्याकडे चौथ्यांदा आलाय, म्हणून एकदाचं लिहून टाकतो.

आधी हा आकडा. 1993 साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि दोन सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या व्हायोलिन विद्यार्थ्यांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. सगळ्यात सरस गटाचा विसाव्या वर्षापर्यंतचा एकट्याने केलेला रियाज सरासरी दहा हजार तासांच्या घरात होता. सरासरी! त्यातल्या निम्म्या मुलांचे तेवढे तास भरलेच नव्हते. शिवाय ती अजून शिकत होती, कोणी उस्ताद झालेलं नव्हतं. 2008 साली माल्कम ग्लॅडवेल यांच्या पुस्तकातून या आकड्याचा ‘नियम’ झाला, आणि खुद्द एरिक्सन यांनीच त्यावर हरकत घेतली.

‘तास भरा, बाकी आपोआप होतं.’ नाही होत. मी वीस वर्षं रोज मराठी टाइप करतोय. वेग पहिल्या दोन वर्षांत वाढला तेवढाच. पुढे नुसतेच तास साठत गेले. ‘क्ष’ किंवा ‘ज्ञ’ आला की नजर हटकून कीबोर्डवर. शेवटी हातांवर रुमाल टाकला आणि रोज पंधरा मिनिटं फक्त तेच शब्द घेतले: परीक्षा, आज्ञा, लक्ष, विज्ञान. पहिला आठवडा लाजिरवाणा गेला, वेग निम्म्यावर आला. तिसऱ्या आठवड्यात बोट न बघता जागेवर पडायला लागलं. वीस वर्षांच्या सवयीने जे झालं नाही, ते पाच-सहा तासांत झालं. कारण एकच: चूक नेमकी कुठे होते ते हेरलं आणि तिथेच घासलं.

‘प्रतिभा सब झूठ’ हेही घाईचं. 2007 सालच्या एका अभ्यासात बुद्धिबळात मास्टरच्या पातळीला पोहोचायला कुणाला सुमारे तीन हजार तास लागले, तर कुणाला तेवीस हजारांहून जास्त. इतकी तफावत नुसत्या मेहनतीच्या खात्यावर टाकता येत नाही. ती प्रतिभेची, की लहान वयात सुरुवात केल्याची, की चांगल्या शिक्षकाची, यावर संशोधकांची अजून जुंपलेली आहे.

राहिलं ते ‘झोप विसरा, घासत राहा’. बर्लिनची ती सरस मुलं दिवसाला साधारण साडेतीन तास एकट्याने वाजवत, तेही मध्ये विश्रांती घेऊन. आणि मागे पडलेल्यांपेक्षा ती जास्त झोपत, दुपारची डुलकी धरून.