पाळी गेल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर काढा नको, तपासणी हवी

गेले काही आठवडे व्हॉट्सअॅपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: पाळी गेल्यानंतर पुन्हा अंगावर गेलं तर ती शरीराची साफसफाई असते, अशोकाच्या सालीचा काढा २१ दिवस घ्या, दवाखान्यात जाऊ नका, तिथे थेट पिशवी काढतात. जवस, शतावरी आणि सोयाबीनने इस्ट्रोजेन पूर्वीसारखं होतं. हार्मोनच्या गोळ्या म्हणजे कॅन्सर. कॅल्शियमच्या गोळ्यांनी मुतखडा होतो, त्यापेक्षा दोन चमचे तीळ पुरेत. आणि हे सगळं सुरू केलं की थायरॉइडची गोळीही सुटते.

हा मेसेज वाचून आमच्या काकूंनी साल उकळायला घेतली. त्यांची पाळी जाऊन सहा वर्षं झालीत आणि त्यांना डाग दिसले होते. म्हणून बाकीचं नंतर, आधी साफसफाईबद्दल.

सलग १२ महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असं धरतात. आपल्याकडे हे साधारण ४६-४७ व्या वर्षाच्या आसपास होतं. त्यानंतर शरीराला 'साफ' करण्यासारखं आत काही साचत नाही. गर्भाशयाचं अस्तर दर महिन्याला वाढणं आणि गळून पडणं, ही क्रियाच थांबलेली असते. त्यामुळे त्या १२ महिन्यांनंतर दिसलेलं कोणतंही रक्त, मग तो एकच तपकिरी डाग का असेना, तपासायचं असतं. २०१८ मध्ये 'जामा इंटर्नल मेडिसिन'मध्ये १२९ अभ्यास एकत्र करून केलेलं एक विश्लेषण आलं. पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्या बायकांपैकी सुमारे ९ टक्के बायकांना गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघाला. आणि हा कॅन्सर झालेल्या बायकांकडे पाहिलं, तर सुमारे ९० टक्के जणींना निदानाआधी रक्तस्राव झालेला होता. पहिल्या आकड्याचा अर्थ असा, की दहातल्या नऊ जणींना कॅन्सर नसतो, घाबरून जायचं कारण नाही. दुसऱ्याचा अर्थ असा, की हा आजार बहुतेकींना आधी सूचना देतो. ती सूचनाच हा मेसेज काढ्याखाली दाबायला सांगतोय.

'मी घेतला आणि थांबलं' असं सांगणाऱ्या बायका खोटं बोलत नाहीत. खरंच थांबतं. अस्तर पातळ आणि कोरडं झाल्यामुळे आलेला डाग दोन-चार दिवसांत आपला आपण थांबतो. पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या मऊ कोंबाचा, थांबतो. कॅन्सरचासुद्धा सुरुवातीला मधूनच येतो, थांबतो आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी परत येतो. एकवीस दिवस काहीही घेतलं, अगदी नुसतं कोमट पाणी, तरी मधल्या काळात रक्त थांबलेलं दिसण्याची शक्यता भरपूर. श्रेय काढ्याला जातं आणि बाई निर्धास्त होते. कॅन्सर गर्भाशयापुरता असताना सापडला तर शस्त्रक्रियेने बहुतेक जणी बऱ्या होतात, बाहेर पसरल्यावर तसं राहत नाही.

आता ती साल. सोसायटीच्या कंपाउंडला लागून सरळसोट उभी झाडं असतात, ज्यांची पानं आपण तोरणाला लावतो, त्यांना सगळे अशोक म्हणतात. तो औषधातला अशोक नव्हे. लांब, अरुंद, कडेला लाटा असलेलं पान आणि हिरवट चांदणीसारखी फुलं असतील तर तो खोटा अशोक, म्हणजे आसुपालव. आयुर्वेदातला अशोक म्हणजे सीताअशोक: पसरट झाड, कोवळी पानं तांबूस आणि लोंबती, वसंतात नारिंगी-लाल फुलांचे गुच्छ, तेही जाड फांद्यांवर. दोन्ही झाडांची कुळंच वेगळी आहेत. बाजारात सीताअशोकाच्या सालीत या खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ इतकी चालते, की वाळलेले तुकडे पाहून काष्ठौषधीच्या दुकानदारालाही खात्री देता येत नाही. शिवाय खऱ्या सालीचा पारंपरिक वापर पाळी चालू असलेल्या बाईच्या जास्त रक्तस्रावासाठी आहे. पाळी गेलेल्या बाईला न तपासता ती द्या, असं नीट शिकलेला वैद्यही सांगणार नाही.

मेसेजमध्ये आणखी एक भयंकर विसंगती आहे. एकीकडे शतावरीने इस्ट्रोजेन वाढतं म्हणायचं आणि दुसरीकडे रक्त दिसत असलेल्या बाईला तीच शतावरी द्यायची. प्रोजेस्टेरॉनची (अस्तराची वाढ आवरणाऱ्या दुसऱ्या हार्मोनची) जोड नसलेलं इस्ट्रोजेन अस्तराला वाढवत राहतं, अस्तराच्या कॅन्सरचं मुख्य कारण तेच. पाळी गेल्यावर अंडाशय थांबले तरी चरबीच्या पेशी इस्ट्रोजेन बनवत असतात. म्हणून वजन जास्त असलेल्या बायकांना हा धोका जास्त. शतावरी खरोखर इस्ट्रोजेन वाढवत असती, तर रक्त दिसत असताना ती सगळ्यात आधी बंद करावी लागली असती.

'दवाखान्यात पिशवी काढतात' या वाक्यात मात्र तथ्य आहे, आणि ते मान्य करायला मला आवडत नसलं तरी करतो. बीडच्या ऊसतोड कामगार बायकांचं प्रकरण महाराष्ट्राने पाहिलंय. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीसमोर आलेल्या माहितीनुसार ८२ हजारांहून अधिक महिलांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली होती. पांढरं जातं, कंबर दुखते, एवढ्यावर पिशव्या काढल्या गेल्या. ही भीती हवेतून आलेली नाही. पण त्यावर उपाय तपासणी टाळणं हा नव्हे, तपासणीचा क्रम माहीत असणं हा आहे.

तो क्रम असा. आधी स्पेक्युलम (योनीमार्ग उघडा धरणारं साधन) लावून गर्भाशयाचं तोंड डोळ्यांनी पाहायचं आणि पॅप तपासणी, म्हणजे तिथल्या पेशी घेऊन तपासणी, करायची. ही पायरी खूपदा गाळली जाते आणि बाईला थेट सोनोग्राफीला पाठवतात. गर्भाशयमुखाचा कॅन्सर आपल्याकडे भरपूर आहे आणि सुरुवातीच्या अवस्थेत तो सोनोग्राफीत दिसेलच असं नाही. मग आतून केलेली सोनोग्राफी, त्यात अस्तराची जाडी मोजतात. ४ मिलिमीटर किंवा कमी असेल आणि रक्त पुन्हा आलं नाही, तर बहुतेकदा तिथेच थांबता येतं. जास्त असेल, किंवा जाडी कमी असूनही रक्त परत आलं, तर अस्तराचा तुकडा तपासायला घ्यायचा. त्यासाठी दरवेळी भूल देऊन क्युरेटिंग, म्हणजे अस्तर खरवडणं, लागत नाही. साधारण ३ मिलिमीटर जाडीची लवचीक प्लॅस्टिकची नळी ओपीडीतच आत घालून काही मिनिटांत नमुना घेता येतो. पाळीत येते तशी कळ येते, थोड्या वेळाने जाते. तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यायची का, ते डॉक्टरांना विचारून ठेवा. पॉलिप असेल तर तो दुर्बिणीतून काढता येतो, पिशवी जागेवर राहते. अस्तर नुसतं कोरडं असेल तर योनीमार्गात लावायचं कमी मात्रेचं इस्ट्रोजेनचं क्रीम पुरतं. पिशवी काढायची का, हा प्रश्न बायोप्सीचा, म्हणजे त्या तुकड्याच्या तपासणीचा, कागद हातात आल्यावरचा आहे. त्याआधी कुणी शस्त्रक्रियेची तारीख देत असेल, तर सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन दुसरीकडे दाखवा.

आता जवस आणि सोयाबीन. अंडाशयातली बीजं संपली की कोणत्याही आहाराने ती परत येत नाहीत. जवसातल्या लिग्नान या घटकापासून आतड्यातले जिवाणू इस्ट्रोजेनसारखा दिसणारा एक अतिशय सौम्य पदार्थ बनवतात, एवढ्यावरून ही सगळी कथा उभी राहिली. २०१२ मध्ये १८८ बायकांवर सहा आठवडे चाचणी झाली, अर्ध्यांना जवसाची वडी, अर्ध्यांना तशीच दिसणारी बिनजवसाची. गरम वाफा (पाळी जाताना अंगातून अचानक उसळणारी उष्णता) निम्म्यावर आल्या असं दोन्ही गटांत साधारण एक तृतीयांश बायकांनी सांगितलं. म्हणजे जवसाने वेगळं काही केलं नाही. सोयाबीनचा थोडा फायदा काही चाचण्यांत दिसतो, पण तो इतका अनिश्चित आहे की अमेरिकेतल्या मेनोपॉज सोसायटीने २०२३ च्या शिफारशींत वाफांसाठी सोया आणि वनौषधी सुचवलेल्या नाहीत. जवसाची चटणी खा, त्यात तंतू आहेत, पोट साफ होतं. भाजून कुटूनच खा, अख्खं जवस पचत नाही. रोज एक मोठा चमचा पुरे, वर पाणी भरपूर हवं, नाहीतर उलट बद्धकोष्ठ होतो.

वाफांमुळे रात्री झोपच होत नसेल तर औषधं आहेत, हार्मोनची आणि बिनहार्मोनची. 'हार्मोन म्हणजे कॅन्सर' हे २००२ च्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीतून आलं. एकत्रित हार्मोन (इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) घेणाऱ्या १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कॅन्सरचे ८ रुग्ण जास्त निघाले, हे खरं. पण त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. साठीच्या आतल्या, पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या निरोगी बाईचा हिशोब वेगळा असतो. ज्यांना स्तनाचा कॅन्सर झालाय, रक्ताच्या गाठी झाल्यात किंवा ज्यांच्या रक्तस्रावाचं कारण सापडलेलं नाही, त्यांना मात्र हे हार्मोन देत नाहीत.

कॅल्शियमच्या बाबतीत मेसेज निम्मा बरोबर आहे. गोळ्यांनी मुतखड्याचा धोका थोडा वाढतो आणि आहारातून कॅल्शियम घेणं केव्हाही चांगलं. पण दोन चमचे तिळावर भागत नाही. पाळी गेलेल्या बाईला राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीनुसार दिवसाला १,२०० मिलिग्रॅम लागतं. न सोललेल्या तिळाच्या दोन मोठ्या चमच्यांतून त्याचा फार तर पाचवा हिस्सा मिळतो, त्यातलंही सगळं शोषलं जात नाही. लाडवांसाठी आणतो त्या सोललेल्या पांढऱ्याशुभ्र तिळात तर फारच कमी, कारण कॅल्शियम सालीत असतं. ५० ग्रॅम पिठाच्या नाचणीच्या भाकरीतून सुमारे १८०, कपभर दुधातून किंवा वाटीभर घट्ट दह्यातून २०० ते २४०, शेवग्याच्या किंवा राजगिऱ्याच्या पाल्याच्या भाजीतून चांगली भर. ताकात निम्मं पाणी असतं, ते दह्याइतकं धरू नका. मासे खाणाऱ्यांनी मांदेलीसारखे बारीक मासे काट्यासकट खावेत. जे उरेल तेवढंच गोळीतून, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नाही, कार्बोनेटची गोळी जेवणानंतर. डी जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी काही आठवड्यांपुरती लिहून दिलेली असते. ती आठवड्याला एक अशी वर्षानुवर्षं घेतली तर रक्तातलं कॅल्शियम धोकादायक वाढू शकतं.

थायरॉइडची गोळी जवसाने सुटत नाही. उलट जवस, सोयाबीन आणि कॅल्शियम ती नीट शोषू देत नाहीत. सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर घ्या, चहा अर्ध्या-एक तासाने, कॅल्शियम चार तासांनी.

ज्यांनी काढा सुरू केलाय आणि रक्त थांबलंय, त्यांनीही याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जावं. रक्त थांबलं म्हणून तपासणी रद्द होत नाही. सोबत कागदावर लिहून न्या: शेवटची पाळी कधी गेली, डाग कोणत्या तारखांना आणि किती दिसले, मधुमेह, बीपी आहे का, स्तनाच्या कॅन्सरसाठी टॅमॉक्सिफेन ही गोळी चालू आहे का. आणि ती सालीची पुडीही पिशवीत टाका, नाव सांगण्यापेक्षा ती दाखवलेली बरी.